घरच्या बागेतील स्ट्रॉबेरी

फेब्रुवारी महिन्यात दिल्ली, लखनौ, चंदीगढ अशा उत्तर भारतातील एखाद्या शहरात रोपवाटिकांसमोरून जाताना एक दृश्य हमखास नजरेस पडते. पिटुनिया, डेलिया आणि झेंडूच्या कुंड्यांच्या रांगेत एका बाजूला काळ्या प्लॅस्टिकच्या लहान पिशव्यांतून स्ट्रॉबेरीची रोपे मांडून ठेवलेली असतात. प्रत्येक रोपावर दोन-तीन लालबुंद फळे लोंबत असतात. बाग करण्याची हौस नुकतीच लागलेल्या माणसाला त्यांचा मोह न पडेल तरच नवल. तो दोन रोपे घरी आणतो, चांगल्या कुंडीत लावतो, नेमाने पाणी घालतो. आठवड्याभरात ती दोन-तीन फळे मुलांच्या तोंडी जातात. त्यानंतर पुन्हा फूल येते ते खुरटे, मार्चअखेर पानांच्या कडा तपकिरी होऊ लागतात, एप्रिलच्या उन्हात रोप माना टाकते आणि मे महिन्यात कुंडी रिकामी होते. आपल्याला हातगुण नाही, अशी त्या बिचाऱ्याची समजूत होऊन बसते आणि पुढे कित्येक वर्षे तो स्ट्रॉबेरीच्या वाटेला जात नाही.

वस्तुतः त्याच्या हाताचा यात काहीच दोष नसतो. मैदानी प्रदेशात स्ट्रॉबेरीचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये संपतो. फेब्रुवारीत फळांनी लगडलेले रोप विकत घेणे म्हणजे नाटकाचा शेवटचा अंक चालू असताना तिकीट काढून आत जाण्यासारखे आहे. स्ट्रॉबेरीच्या बाबतीत नवशिक्याची जी पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक होते ती पाणी, खत किंवा माती यांची नसून दिनदर्शिकेची असते. आणि ती होते फळ पाहून रोप निवडल्यामुळे.

फळ पाहून रोप निवडण्याची चूक केवळ नवशिकेच करतात असे मात्र नाही. आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या स्ट्रॉबेरीचा इतिहासच अशा एका चुकीपासून सुरू होतो. आमेदे फ्रांस्वा फ्रेझिए हा फ्रेंच लष्करी अभियंता १७१२ साली चिली आणि पेरूच्या किनाऱ्याकडे निघाला. तेथील स्पॅनिश तटबंदीची माहिती गुपचूप गोळा करणे हे त्याचे खरे काम होते. चिलीमध्ये त्याने स्थानिक लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली, युरोपातल्या चिमुकल्या रानटी फळांच्या मानाने प्रचंड वाटावी अशी स्ट्रॉबेरी पाहिली आणि तिची रोपे परतीच्या जहाजावर घेतली. सहा महिन्यांच्या त्या प्रवासात माणसांनाच पिण्याचे पाणी जेमतेम पुरत होते. तरीही १७१४ मध्ये फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवताना त्याच्यापाशी पाच रोपे जिवंत होती. योगायोग असा की, फ्रेंच भाषेत स्ट्रॉबेरीला 'फ्रेझ' म्हणतात, म्हणजे या गृहस्थाच्या आडनावातच हे फळ आधीपासून बसलेले होते.

रोपे रुजली, पसरली, फुलली. पण फळ धरीना. चिलीच्या या जातीत नर आणि मादी रोपे वेगवेगळी असतात. फ्रेझिएने साहजिकच मोठमोठी फळे असलेली रोपे निवडली होती, आणि फळे असतात ती मादीवर! पराग देणारे एकही रोप त्याने आणले नव्हते. पुढे ब्रिटनी प्रांतातील बागवानांच्या ध्यानात आले की, या रोपांच्या ओळीशेजारी दुसऱ्या जातीची स्ट्रॉबेरी लावली तर फळे धरतात. हे असे का होते याचा उलगडा व्हर्सायच्या राजोद्यानात वाढलेल्या आंत्वान निकोला द्युशेन या मुलाने केला. १७६४ च्या उन्हाळ्यात, वयाची सतरा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, त्याने चिलीच्या मादी रोपावर दुसऱ्या जातीचे पराग घालून फळे धरवली आणि ती पंधराव्या लुईला सादर केली. १७६६ मध्ये त्याने स्ट्रॉबेरीच्या सर्व जातींविषयी ग्रंथ लिहिला. त्यात, बागेत अवचित उगवू लागलेली मोठ्या फळांची नवी स्ट्रॉबेरी ही चिलीची जात आणि उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनियाची जात यांचा संकर आहे, असे त्याने दाखवून दिले. आजची लागवडीखालील स्ट्रॉबेरी ती हीच. तिच्या बहुतेक वाणांच्या फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. त्यामुळे घरी एकच रोप असले तरी फ्रेझिएसारखी फजिती होण्याचे भय नाही.

द्युशेनच्या नावाचा भारताशीही एक संबंध आहे. हिमालयाच्या उतारांवर खऱ्या रानटी स्ट्रॉबेरी आढळतात. त्यांची फुले पांढरी असतात आणि फळे बोराएवढीही नसली तरी सुगंधी असतात. नेपाळी भाषेत अशा स्ट्रॉबेरीला 'भुइँ काफल' म्हणतात, म्हणजे जमिनीलगतचे काफळ. त्यांच्याच आसपास हुबेहूब तशाच पानांची, पण पिवळ्या फुलांची एक वनस्पती पसरलेली दिसते. तिचे फळ लाल, तुकतुकीत आणि अगदी बेचव असते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला दीर्घकाळ 'द्युशेनिया इंडिका' या नावाने ओळखले. डोंगरात फिरायला गेलेले हौशी लोक पुष्कळदा हीच वनस्पती उपटून घरी आणतात. ती कुंडीत उत्तम वाढते, फळेही भरपूर देते. ती तोंडात टाकल्यावर मात्र पाणचट गर लागतो. फूल पिवळे दिसले तर ते रोप शोभेचे समजावे.

स्ट्रॉबेरीचे रोप नीट हातात घेऊन पाहिले तर त्याला खोड नाहीच असे वाटते. खरे पाहता खोड असते, परंतु ते बोटाच्या पेराएवढे आखूड असून पानांच्या देठांत दडलेले असते. शेतकरी त्याला 'क्राउन' म्हणतात. मराठीत मुकुट म्हणता येईल. रोपाचे सारे जीवन या मुकुटात साठवलेले आहे. पाने, फुलांचे तुरे आणि जमिनीवरून सरपटत जाणारी धावती खोडे, सर्व येथूनच निघतात. मुकुट मातीखाली गाडला गेला तर कुजतो; मातीवर उघडा राहिला तर त्याच्या खालची मुळे सुकतात. मुळे मातीत आणि मुकुटाचे टोक बरोबर मातीच्या पृष्ठभागाशी, अशीच लावणी झाली पाहिजे. लावल्यानंतर पाणी घातले की माती खचते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बोटाने चाचपून पाहणे इष्ट. सांगायला ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण शरद ऋतूत लावलेली आणि महिन्याभरात गेलेली जी रोपे असतात त्यांतली पुष्कळशी या एका बोटाच्या फरकाने गेलेली असतात.

या मुकुटातून कोणत्या वेळी काय निघेल हे दिवसाची लांबी आणि हवेतील उष्मा यांवर ठरते. दिवस लहान आणि रात्री थंड असतात तेव्हा मुकुटात फुलांचे कोंब तयार होतात. दिवस मोठा आणि हवा उबदार असली की तोच मुकुट फुलांऐवजी धावती खोडे सोडतो. दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करणारे वाणही निघाले आहेत. पण आपल्याकडील उन्हाळ्यापुढे त्यांचाही इलाज चालत नाही. दिवसा बावीस-तेवीस अंश सेल्सियस आणि रात्री सात ते तेरा अंश, ही या पिकाच्या मनाजोगी हवा. भारतात ती हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि काश्मीरच्या खोऱ्यांत, मेघालयाच्या टेकड्यांवर, निलगिरीत आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर लाभते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण नेमकी अशीच हवा गंगा-यमुनेच्या मैदानात चार-साडेचार महिने फुकट मिळते, ही गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. हरियाणातील हिसारच्या परिसरात शेतकरी याच हिवाळ्याच्या भरवशावर स्ट्रॉबेरी पिकवतात. बुंदेलखंडासारख्या रखरखीत मुलखात झाशी येथे २०२१ च्या जानेवारीत स्ट्रॉबेरी महोत्सव भरला, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या तेथील एका विद्यार्थिनीने आधी घरी काही रोपे लावून पाहिली होती आणि ती फळल्यावर मग शेतात लागवड केली होती. बंगळुरूसारख्या सौम्य हवेच्या ठिकाणी हंगाम आणखी लांबतो. चेन्नई किंवा कोलकात्याच्या रहिवाशांनी मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. जेथे रात्री पुरेशा थंड होत नाहीत तेथे रोप जगते, पण फळ हात राखून देते.

तेव्हा नवशिक्याने रोपाचा शोध सप्टेंबरअखेरीस सुरू करावा आणि फळे नसलेले रोप मागून घ्यावे. रोपवाटिकेतील मनुष्य चमत्कारिक नजरेने पाहील, पाहू द्यावे. ऑक्टोबरच्या पंधरवड्यात, दुपारचे ऊन थोडे मऊ झाल्यावर, दोन-चार निरोगी पानांचे आणि पांढरट, ताज्या मुळांचे रोप मिळाले की निम्मे काम झाले. चँडलर, स्वीट चार्ली, कामारोझा, विंटर डॉन ही वाणांची नावे भारतात वारंवार ऐकू येतात. पहिल्या वर्षी वाणाची फार चिकित्सा करू नये. जे रोप जवळ आणि ताजे मिळते ते चांगले. बियांच्या नादी मात्र लागू नये. संकरित स्ट्रॉबेरीच्या बियांपासून आईसारखे रोप येत नाही आणि जे येते ते फार सावकाश वाढते. निळ्या स्ट्रॉबेरीचे बी म्हणून जे चकचकीत पाकिटातून विकले जाते त्याविषयी एवढेच सांगितले पाहिजे की, निळी स्ट्रॉबेरी अस्तित्वातच नाही.

कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट असावी, कारण या रोपाची बहुतेक मुळे वरच्या वीतभर मातीतच राहतात. आठ ते दहा इंच तोंडाच्या कुंडीत एकच रोप लावावे. लांबट कुंडी असेल तर दोन रोपांत फूटभर अंतर ठेवावे. माती किंचित आम्ल आणि भुसभुशीत हवी. बागेतील माती, चांगले कुजलेले शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा समभाग घेतले तर बहुतेक ठिकाणी चालते. ज्या कुंडीत आदल्या वर्षी टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटे होते ती माती मात्र वापरू नये. त्या पिकांना मर रोग आणणारी बुरशी मातीत दबा धरून राहते आणि स्ट्रॉबेरीलाही सोडत नाही. दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. उत्तरेकडील सज्जात सुंदर पाने येतील, फळे येणार नाहीत.

पाण्याच्या बाबतीत एक अडचण शहरी माणसाला सहसा कळत नाही. स्ट्रॉबेरीला खारेपणा मुळीच सोसत नाही. दिल्ली-हरियाणाच्या पुष्कळ वस्त्यांत कूपनलिकेचे पाणी खारट असते. ते सतत घातले की क्षार कुंडीत साचत जातात, आणि पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात. माळी म्हणतो, पाणी कमी पडले. मग आणखी तेच पाणी ओतले जाते. अशा ठिकाणी साठवलेले पावसाचे पाणी किंवा नळाचे गोडे पाणी वापरावे आणि खतांचा हात आखडता घ्यावा, कारण रासायनिक खत म्हणजेही क्षारच. नवी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर पाण्यातील चुन्यामुळे रोपाला लोह मिळत नाही असे समजावे. पाणी सकाळी, मुकुट न भिजवता, मातीत द्यावे आणि कुंडीखालच्या ताटलीत ते साचू देऊ नये.

लावणीनंतर तीन-चार आठवड्यांत पहिली फुले येतात, आणि येथे नवशिक्याची खरी कसोटी लागते. ही फुले खुडून टाकायची असतात. मुळे पुरती रुजण्याआधीच रोपाने फळ पोसण्याचे काम अंगावर घेतले, तर ते खुरटे राहते आणि पुढचा सारा हंगाम मार खातो. नोव्हेंबरमध्ये खुडलेल्या चार फुलांची भरपाई जानेवारीत कितीतरी पटींनी होते, हे कागदावर सर्वांना पटते. प्रत्यक्ष पांढरेशुभ्र फूल समोर उमलल्यावर मात्र हात धजत नाही. घरातील लहान मुले तर हे घडूच देत नाहीत. अशा वेळी तडजोड म्हणून एका रोपाची फुले मुलांसाठी राखावी आणि बाकीच्यांची खुडावी. दोन्ही रोपांतील फरक महिन्याभराने मुलांनाच दिसतो. याच काळात निघणारी धावती खोडेही कापून टाकावीत.

डिसेंबरपासून आलेली फुले ठेवायची. आता परागणाकडे लक्ष द्यायचे, आणि त्यासाठी स्ट्रॉबेरीचे फळ म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. ज्या लाल, रसाळ भागाला आपण फळ म्हणतो तो शास्त्रीय दृष्ट्या फळ नसून फुलाची फुगलेली बैठक, म्हणजे पुष्पस्थली आहे. खरी फळे म्हणजे तिच्या अंगावर टोचलेले बारीक पिवळसर दाणे. प्रत्येक दाण्याला स्वतंत्रपणे पराग मिळावे लागतात. नीच नावाच्या संशोधकाने १९५० मध्ये कोवळ्या स्ट्रॉबेरीवरील दाणे काढून टाकले. गर वाढायचा थांबला. एका कडेचे दाणे ठेवले तर त्याच कडेचा गर वाढला. दाण्यांच्या जागी ऑक्झिन हे वृद्धिद्रव्य लावले तेव्हा दाण्यांवाचूनही गर फुगला. वेडीवाकडी, एका अंगाने बसकी फळे का येतात याचे उत्तर बहुधा येथेच सापडते: त्या अंगाच्या दाण्यांना पराग मिळालेले नसतात. जमिनीवरील बागेत हे काम मधमाश्या करतात. सातव्या-आठव्या मजल्यावरील सज्जात, धुक्याच्या दिवसांत, त्या फिरकत नाहीत. तेथे दुपारच्या सुमारास, फूल कोरडे असताना, रंगकामाचा मऊ कुंचला फुलाच्या मध्यावरून आणि भोवतीच्या पुंकेसरांवरून हलकेच गोल फिरवावा. फूल ताजे आहे तोवर दोन-तीन दिवस असे केले की पुरते.

कडाक्याच्या थंडीत ज्या रात्री दव गोठते त्या रात्री रोपांवर जुनी चादर किंवा कागद टाकावा. गोठलेल्या फुलाच्या पाकळ्या पांढऱ्याच राहतात, पण मधला पिवळा भाग काळा पडतो. अशा फुलाला फळ धरत नाही. फळ वजनाने खाली टेकू लागले की त्याच्याखाली भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत पसरावे. ओल्या मातीला टेकलेल्या फळावर करडी बुरशी चढते आणि ती शेजारच्या फळाला लागायला वेळ लागत नाही. गोगलगायी रात्री येतात, बुलबुल सकाळी येतात. पहिल्यांना हाताने वेचावे, दुसऱ्यांसाठी जाळी लावावी. मार्चच्या कोरड्या हवेत पानांच्या खालच्या बाजूस अत्यंत बारीक लाल कोळी होतात व पान निस्तेज, ठिपकेदार दिसू लागते. तेव्हा पाने खालून पाण्याच्या फवाऱ्याने धुवावी. घरच्या चार कुंड्यांसाठी विषारी औषधे आणण्याचे कारण नाही, कारण हे फळ सालीसकट खाल्ले जाते.

फूल आल्यापासून फळ पिकायला साधारण चार आठवडे लागतात. कडक थंडीत त्याहून अधिक. तोडणी केव्हा करावी याबाबत मात्र घाई अजिबात नको. आंबा किंवा केळे अढीत घालून पिकवता येते. स्ट्रॉबेरीला ते साधत नाही. तोडल्यावर तिचा रंग थोडा गडद होतो, गोडी वाढत नाही. बाजारात पाठवायचे फळ दूरच्या प्रवासात टिकावे म्हणून देठाजवळ पांढरे असतानाच तोडावे लागते. शेतकऱ्याचा तो नाइलाज आहे, त्यात लबाडी नाही. घरच्या कुंडीला मात्र प्रवास नसतो. देठापर्यंत पूर्ण लाल झाल्यावर आणखी एक दिवस थांबून, सकाळच्या गारव्यात देठासह कापलेले फळ आणि डब्यातून विकत आणलेले फळ यांत जो फरक असतो, तेवढ्यासाठीच खरे तर ही सारी यातायात करायची. उत्पन्नाच्या हिशेबाने पाहू जाता हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. चांगल्या निगराणीत वाढलेले रोप हंगामभरात पाव ते अर्धा किलो फळ देते, तेही दोन-दोन, चार-चार करून. एक रोप लावणाऱ्याला वाटीभर फळ एकदम कधीच पाहायला मिळत नाही. आठ-दहा रोपे असली तर आठवड्यातून एकदा घरातील सर्वांच्या वाट्याला येण्याइतके फळ निघते.

राहिला प्रश्न एप्रिलचा. मैदानातील अनेक जाणते बागवान यावेळी रोपे सरळ उपटून टाकतात आणि ऑक्टोबरात डोंगराळ भागातून आलेली नवी आणतात. यात त्यांना अपयश वाटत नाही. वाटाण्याचा वेल काढून टाकताना कोणाला दुःख होते? तथापि ज्याला प्रयत्न करून पाहायचा आहे त्याने एप्रिलच्या आरंभीच कुंड्या पूर्वेकडील सावलीत हलवाव्या, शक्य तर वर सावलीची जाळी बांधावी, जुनी पाने काढावी आणि फुले येऊ देऊ नयेत. आता मुकुट धावती खोडे सोडू लागतो. त्यांतील सशक्त दोन ठेवून बाकीची कापावी. खोडाच्या गाठीवर पानांचा लहानसा झुबका दिसला की तो शेजारी ठेवलेल्या लहान कुंडीतील मातीवर टेकवून तारेच्या आकड्याने दाबून ठेवावा. खोड मात्र तोडू नये, कारण नव्या रोपाची मुळे धरेपर्यंत अन्नपाणी आईकडूनच येते. जूनमधील लू सोसून जी रोपे उरतील त्यांना पावसाळ्यात छपराखाली ठेवावे, कारण आता उष्म्याऐवजी मुकुट कुजण्याचे भय असते. सप्टेंबर उजाडताच पिल्लाच्या कुंडीखालच्या छिद्रातून मुळे डोकावू लागली की आईशी जोडणारे खोड कापावे, आणि पंधरा दिवसांनी नवे रोप मोठ्या कुंडीत, मुकुट मातीच्या पातळीवर ठेवून, लावावे.